असानालींची गाडी सुरू का होत नाही

४ नोव्हेंबर

माझ्या बायकोने, तुमारने, आज नियम केला. जेवताना गाड्यांबद्दल बोलायचं नाही. ती शाळेत स्वयंपाक करते, दिवसभर तिथल्या पोरांचा गोंगाट ऐकते, आणि घरी आल्यावर तिला कोणाच्या गाडीचा सेल्फ का फिरत नाही हे ऐकायचं नसतं. "बोलल्याशिवाय राहवत नसेल तर वहीशी बोल," म्हणाली. म्हणून ही वही.

बाजारातल्या माझ्या दुकानावर, म्हणजे जुन्या लोखंडी कंटेनरवर, आज पाटी लागली. 'संगणकाने तपासणी. गाडी का सुरू होत नाही ते सांगितले जाईल.' खाली थोडी जागा उरली, तर रंगाऱ्याने न विचारता तिथे एक घोडा काढला. चांगला काढलाय. पण गाडीच्या दुकानावर घोडा पाहून लोक काय समजतील कोण जाणे.

स्कॅनर तळहाताएवढा आहे. रशियात इतकी वर्षं राबून आल्यावर मी फक्त ही एक वस्तू माझ्यासाठी घेतली. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे याची वायर जोडायची, की गाडीचा मेंदू स्वतःच सांगतो कुठे दुखतंय. अंदाज नको, वाद नको. शेजारच्या कंटेनरमध्ये जानिश सुटे भाग विकतो. त्याच्या मते सुरू न होणाऱ्या प्रत्येक गाडीला नवा स्टार्टर लागतो. तो मला प्रोफेसर म्हणतो. कौतुकाने म्हणत नाही.

९ नोव्हेंबर

पहिलं मोठं गिऱ्हाईक: गावचे वडीलधारे, असानाली अक्साकाल.

आमच्या नारिन गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. दोलोन खिंड ओलांडून बालिकचीपर्यंत त्यांची व्हॅन जाते, आणि व्हॅनच्या आधी सरकारी बस होती तीही तेच चालवायचे. अर्ध्या गावाच्या नवऱ्या त्यांच्या गाडीतून सासरी आल्या आहेत. मुलं सगळी मॉस्कोत. घरी ते आणि त्यांची बायको बुरुल आपा, दोघंच.

मी अंगणात शिरलो तर अक्साकाल पुढे आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ये जानिश, ये."

"मी कादिर, अक्साकाल."

"तेच म्हणतोय. ये."

किल्ली फिरवली तर गाडीतून आवाजच नाही. स्कॅनरही पेटेना. बॅटरीच्या टोकावरची पकड सैल झाली होती. आवळली, गाडी सुरू. रस्त्याच्या धक्क्यांनी होतं असं.

नंतर चहा, कणकेचे तळलेले बोर्सोक, साय. बुरुल आपांनी मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे आजवर कोणी विचारले नव्हते. "म्हणजे एवढासा तुकडा सैल झाला तर एवढी मोठी गाडी मरते?" मी म्हणालो, एवढंच कशाला, फ्यूज नसला तरी मरते. "फ्यूज म्हणजे कुठला रे बाळा?" मी त्यांना बाहेर नेऊन डबा उघडून दाखवला. त्यांनी प्रत्येक फ्यूजला बोट लावून पाहिलं. या वयात शिकण्याची एवढी हौस.

१७ नोव्हेंबर

असानालींची व्हॅन पुन्हा बंद. माणसं सामान घेऊन अंगणात उभी होती, ती दुसऱ्या गाडीने गेली.

या वेळी फ्यूज. फ्यूज जळतो, तुटतो, काळा पडतो. हा जागेवरच नव्हता. डब्याचं झाकण घट्ट बसत नसणार, आणि दोलोनचा रस्ता तर असा की दात पडतील, मग फ्यूजचं काय.

नवा बसवला. आपांना समजावून सांगितलं की फ्यूज शाबूत असला तरी शेजारचा हा काळा चौकोनी रिले नसेल तर सेल्फपर्यंत वीजच पोचत नाही. "हा? की हा?" त्यांनी विचारलं. "तो नाही, हा," मी म्हणालो.

२६ नोव्हेंबर

रिले.

रिले आपोआप पडत नाही. घट्ट बसतो, काढायला जोर लागतो. मी बराच वेळ बॉनेटपाशी उभा राहून विचार केला. निष्कर्ष: थंडीत प्लास्टिक आकसतं.

अक्साकालांनी गाडीला, गाडी बनवणाऱ्यांना आणि त्यांच्या आईबापांना मनसोक्त शिव्या दिल्या. मग आत जाऊन दोन ताटल्या भरून परतलेल्या मटणाचं कुर्दाक खाल्लं आणि तक्क्याला टेकून झोपले. गाडी बंद पडली की माणसं चिडलेली राहतात. हे आधी चिडतात आणि मग लहान मुलासारखे शांत होतात. दुरुस्त झाली म्हणून उठवलं तर चेहरा पुन्हा ओढलेला. वयाचं असेल.

नियम मोडून तुमारला जेवताना सांगितलं. ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तू आपांना काय काय समजावलंस आत्तापर्यंत?"

मी सगळं सांगितलं. पकड, फ्यूज, रिले. आज किल्लीतल्या चिपबद्दल सांगितलं, तेही.

"छान," ती म्हणाली. "शिक्षक व्हायला हवं होतंस."

ती असं सहसा बोलत नाही. बरं वाटलं.

२ डिसेंबर

अक्साकाल स्वतः व्हॅन घेऊन बाजारात आले. येताना जानिशच्या टायरांचा ढीग पाडला. जानिशला म्हणाले, "रस्त्यात मांडून ठेवतोस का रे?" टायर त्याच्या दारातच होते.

तक्रार वेगळी होती. दिव्यांत जोर राहिला नाही. संध्याकाळी रस्ता दिसत नाही, समोर सगळं दुधात भिजवल्यासारखं दिसतं.

मी सगळं तपासलं. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, दिव्यापर्यंत वीज पूर्ण पोचते. स्कॅनर म्हणतो दोष नाही. तरी नवे, जास्त जोराचे बल्ब घातले, काचा घासल्या, अर्थिंगची जागा खरवडून लख्ख केली. कंटेनरच्या भिंतीवर उजेड पाडला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अजून मंदच आहेत," अक्साकाल म्हणाले.

विजेचे काही दोष असे असतात की ते मोजताना लपून बसतात.

तुमारने स्वतःहून विचारलं, "दिवे त्यांनाच मंद वाटतात, की तुलाही?"

"माझे डोळे दिपले."

"मग?"

"मग काय? कधी येतो, कधी जातो, अशा प्रकारातला दोष आहे."

तिने भांड्यावर झाकण ठेवलं, गरजेपेक्षा जोरात.

११ डिसेंबर

किल्लीची चिप गेली.

स्कॅनर स्पष्ट सांगत होता: किल्ली ओळखीची नाही. या गाड्यांत किल्लीच्या डोक्यात चिप असते, ती नसली की गाडीला वाटतं आपल्याला चोर पळवतोय, आणि ती सुरू होत नाही. डोकं उघडून पाहिलं, आतली खोबण रिकामी. कडेला कणीक चिकटलेली होती.

"धुण्यात गेली असेल," बुरुल आपा म्हणाल्या.

शक्य आहे. पण महिन्याभरात एकाच गाडीत चार दोष, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं मी कुठे पाहिलं नाही. जानिश बाजारभर सांगत फिरतोय की प्रोफेसर तीच गाडी दर आठवड्याला दुरुस्त करतो. हे थांबवायला हवं.

१५ डिसेंबर

थांबवलं.

चिपची भानगडच काढून टाकली, आता साध्या किल्लीनेही गाडी सुरू होईल. फ्यूज आणि रिले दोन्ही सीटखाली एका लोखंडी पेटीत हलवले आणि पेटी नटबोल्टने पक्की केली. बॉनेटला कुलूप बसवलं. या कामात दोन दिवस गेले. असं काम मी रशियातही केलं नव्हतं. सैतान आला तरी ही गाडी आता त्याला बंद पाडता येणार नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

अक्साकालांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

बुरुल आपा कुलुपाकडे बघत उभ्या होत्या. "किल्ली कोणाकडे?"

"अक्साकालांकडे. पट्ट्याला अडकवून दिलीय."

त्या आत गेल्या. आज चहा विचारला नाही. त्यांच्या घरी असं पहिल्यांदाच झालं. दूध संपलं असेल.

२० डिसेंबर

कडाका वाढलाय. लोक बॅटऱ्या काढून घरात नेतात. काल एकाच्या घरी गेलो तर बॅटरी चुलीशेजारी रजईवर बसवली होती आणि सासरे दाराजवळ.

असानालींची व्हॅन रोज सुरू होते. जानिशने आज मला प्रोफेसर न म्हणता नावाने हाक मारली.

एक गाडी मात्र तासभर तपासली, काही सापडेना. पेट्रोल संपलं होतं.

२८ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

मला बालिकचीहून एक वायरिंगचा जोड आणायचा होता. म्हटलं असानालींबरोबरच जावं आणि चालत्या गाडीत दिव्यांचा दोष पकडावा. अक्साकाल अजूनही दिवे मंद आहेत म्हणतात. स्कॅनर जोडून ठेवला की सगळे आकडे पडद्यावर दिसत राहतात: बॅटरी, इंजिनाचे फेरे, तापमान, काय दाबलंय आणि काय सोडलंय.

वायर आखूड, त्यामुळे मला ड्रायव्हरशेजारीच बसायला हवं होतं. तिथे बुरुल आपा बसल्या होत्या. हल्ली त्या प्रत्येक फेरीला जातात. का ते माहीत नाही, बालिकचीत त्यांचं कोणी नाही.

"आपा, तुम्ही आज मागे बसा."

"मी इथेच बसते."

"वायर पोचत नाही."

"मग वायर घरी ठेव."

मी म्हणालो कामाचा प्रश्न आहे. मागचे लोक कुरकुरायला लागले, उशीर होतोय. साईचा डबा मांडीवर घेतलेली एक बाई म्हणाली, "या की मागे, आपा. म्हातारपणी नवऱ्याला चिकटून बसायची काय हौस." सगळे हसले. आपा उठल्या. उठताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं घर जाळलंय.

निघालो. चढ लागला तशा आपा मागून बोलायला लागल्या. "अहो, आता तो पडका थांबा येईल, आठवतंय ना, तिथे आपल्या मेंढ्या अडकल्या होत्या, आणि लगेच डावीकडे वळण." अक्साकाल डावीकडे वळले. "अहो, पुढे तो अरुंद पूल, तुमचा भाऊ तिथे प्यालेला सापडला होता, अगदी मधोमध." अक्साकाल पुलावरून अगदी मधोमध गेले. "अहो, आता उतार, हळू, इथेच नाही का आपली..."

मला इंजिन ऐकू येईना. म्हणालो, "आपा, थोडा वेळ शांत राहता का? माझं काम चाललंय."

"राहा गं आपा शांत," बाई म्हणाली. "घरी नाही का बोलता येत?"

आपा गप्प झाल्या. एकदा म्हणाल्या, "अहो..." मी मागे वळून बोट ओठांवर ठेवलं.

खिंड ओलांडून आम्ही सारी-बुलाकच्या उताराला लागलो. आकडे सुंदर होते. इतके सरळ आकडे मी कधी पाहिले नव्हते. माझं काम होतं ते. बॅटरी ठीक, तापमान ठीक, दिवे ठीक. ब्रेक: दाबलेला नाही. मी मनात म्हटलं, एवढ्या उतारावर ब्रेक दाबलेला नाही, म्हणजे पेडलखालचा स्विच खराब असणार. सापडला दोष! तसं सांगायला मी मान वर केली.

रस्त्यात घोडे होते. दहा-बारा तरी असतील, आडवे चालत, कसलीही घाई नसलेले. अक्साकाल शांतपणे समोर बघत होते. पाय ब्रेकवर नव्हता. स्विच चांगला होता.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. हँडब्रेक ओढला. बर्फावर गाडी गोल फिरली, एकदा डोंगर दिसला, एकदा दरी, पुन्हा डोंगर, आणि आम्ही डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतलो. दरी दुसऱ्या बाजूला होती.

कोणाला लागलं नाही. साईचा डबा फुटला आणि सगळी साय मागच्या एका माणसाच्या तोंडावर गेली. एक घोडा जवळ येऊन बॉनेट हुंगून गेला.

मग अक्साकालांनी हळूच विचारलं, "काय होतं?"

"घोडे."

"कुठल्या रंगाचे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे माझ्या कानाच्या थोडे मागे कुठेतरी बघत होते. बुबुळावर पांढुरकी साय.

"पांढरे," मी म्हणालो.

"बर्फात पांढरे घोडे!" ते मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कोणाला दिसणार?"

"मला तर तांबडे दिस..." साईवाला माणूस म्हणाला.

"तुझ्या डोळ्यांत साय गेलीय," बुरुल आपा म्हणाल्या. "पूस आधी."

लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली. पहिल्या सेल्फला सुरू झाली. अक्साकाल म्हणाले, "कादिर, तू बस चालवायला. मागून इंजिनचा आवाज कसा येतो ते ऐकतो जरा." मी चालवली. आपा त्यांच्या शेजारी बसल्या. बालिकचीपर्यंत कोणी बोललं नाही, आणि आज मला कोणीतरी बोलावं असं फार वाटत होतं.

घोडे तांबडे होते.

२९ डिसेंबर

तुमारला सांगितलं.

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"म्हणजे मला दिव्यांच्या दिवशीच कळलं होतं."

"आणि फ्यूज? रिले?"

"ते त्याच्याही आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जेवताना गाड्यांबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं."

मग ती रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणाली, तिला वाटलं होतं मलाही कळेल, आज नाही तर उद्या. इतक्या मोठ्या माणसाला कळणार नाही असं तिला वाटलंच नव्हतं.

२ जानेवारी

बुरुल आपा कंटेनरवर आल्या. जानिश जेवायला गेल्याचं बघून आल्या. स्टुलावर बसल्या, हातमोजे काढले, आणि विचारलं,

"आता मी काय काढू?"

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"बोल की. इतके दिवस विचारलं की सांगत होतास. आता सगळं पेटीत बंद केलंस, कुलूप लावलंस. मी काय काढू आता?"

मी म्हणालो, त्यांना सरळ सांगा ना. त्या म्हणाल्या, गेल्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. त्यानंतर ते तीन दिवस जेवले नाहीत आणि चौथ्या दिवशी मुद्दाम एकटे गाडी घेऊन गेले. "गाडी बिघडली तर ती गाडीची लाज. डोळे बिघडले तर त्याची. चुलीपाशी बसवला तर हा माणूस वसंत बघायचा नाही, कादिर. आणि रस्त्यावर सोडला तर कोणाची तरी पोरं जातील. मी दोन्ही बाजूंनी मरतेय."

"आणि त्या घोड्यांच्या दिवसापासून?"

"तेव्हापासून गाडी काढली नाही. पाठ दुखते म्हणतो. पण माणसं येतात, विचारतात. किती दिवस पाठ दुखणार?" त्यांनी माझ्या स्कॅनरकडे बोट दाखवलं. "असं काहीतरी सांग जे यालाही सापडणार नाही."

मी खरं ते सांगितलं. असं काही नसतं. मला सापडतंच.

"मग शोधू नकोस," आपा म्हणाल्या आणि हातमोजे घालून गेल्या.

६ जानेवारी

चार दिवस याच विचारात आहे. माझ्याकडे जागा नाही, भांडवल नाही, ओळख नाही. मला सापडतं, एवढीच माझी ओळख. असानालींची गाडी सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्यासमोर हात टेकले तर जानिश वर्षभर सांगेल. मी चुकीचं बोललो तर उद्या कोण गाडी आणेल?

हे लिहून वाचलं. वाचताना बरं वाटलं नाही. पण खोडत नाही.

९ जानेवारी

अक्साकाल आले. व्हॅन जानिशच्या जीपने ओढत आणली होती, भर बाजारात, अगदी गर्दीच्या वेळी. बुरुल आपा बरोबर होत्या. त्यांचा चेहरा पाहून कळलं की काय चाललंय ते त्यांनाही माहीत नाही.

"सुरू होत नाही," अक्साकाल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बघ तुझ्या यंत्राने."

माणसं जमली. बॉनेट उघडं पडलं की नारिनमध्ये कोणाला दुसरं काम नसतं.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडलेलं होतं, आणि किल्ली अक्साकालांच्या पट्ट्याला होती. आत पाहिलं. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारी जाड अर्थिंगची वायर सोडवून, नीट गुंडाळून, कडेला खोचली होती. नट हरवू नये म्हणून पुन्हा जागेवर फिरवून ठेवला होता. बुरुल आपांनी नट कधीच ठेवला नसता. हे काम ज्याने आयुष्यभर गाडी सांभाळली अशा हाताचं होतं, आणि न बघता केलेलं होतं. नटाभोवतीची धूळ बोटांनी चाचपडून पुसली गेली होती.

पाना फिरवायचा अवकाश, गाडी सुरू झाली असती.

मी स्कॅनर जोडला. पडदा काळाच राहिला. मी त्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं, बटणं दाबली.

"काय म्हणतंय?" अक्साकालांनी विचारलं.

"सापडत नाही."

गर्दीत कोणीतरी हसलं. "नीट बघ," अक्साकाल म्हणाले.

"बघितलं, अक्साकाल. मेंदूच गेलाय गाडीचा. दुरुस्त होणार नाही."

"दुसरा बसव."

"या जातीचा आता मिळत नाही."

"अरे, स्टार्टर बदलून तर बघा," जानिश पुढे झाला, "माझ्याकडे एक..."

"गप रे," अक्साकाल म्हणाले. "यंत्र सांगतंय. तू यंत्रापेक्षा शहाणा का?" मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे वळून: "म्हणजे ही आता दोलोन चढणार नाही?"

"नाही, अक्साकाल. आता नाही."

त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. "चांगली चालली," म्हणाले. गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एक जण म्हणाला, असानाली, गाडी गेली पण तू एकही माणूस पाडला नाहीस इतक्या वर्षांत. अक्साकाल म्हणाले, नाही पाडला.

मग ते आणि आपा पायी घरी निघाले. आपा रस्त्यावरच्या बर्फाबद्दल काहीतरी बोलत होत्या, न थांबता.

२० जानेवारी

व्हॅन आत-बाशी गावच्या एका माणसाने भंगारच्या भावात घेतली. बॉनेट उघडलं, वायर पाहिली, जोडली, किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला. माझ्या पाटीखाली.

जानिशने लोकांना हाका मारून बोलावलं. "प्रोफेसर, मेंदू परत आला का?"

"असं होतं कधी कधी," मी म्हणालो.

या आठवड्यात दोनच गाड्या आल्या, त्यातली एक पत्ता विचारायला. एरवी सुट्टीच्या दिवशीच होणाऱ्या खिम्याच्या उकडलेल्या मांती तुमारने आज आठवड्याच्या मधल्या दिवशी केल्या. जेवताना म्हणाली, "मग? आज कुठली गाडी आली?" मी सांगितलं, कुठलीच नाही. तरी तिने बराच वेळ विचारलं.

१२ फेब्रुवारी, बिश्केक

अक्साकालांना मी सोबत म्हणून आणलंय. मला सुटे भाग घ्यायचेत आणि शहरात मला कोणी फसवू नये, असं ठरलंय. वाटेत डोळ्यांचं हॉस्पिटल लागलं. 'लागलं' असं आम्ही दोघांनी म्हणायचं.

बाकावर बरेच म्हातारे बसले होते. अक्साकाल टोपी मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"बॉनेट उघडल्याचा आवाज मला यायचा."

मी त्यांच्याकडे वळलो.

"तिला वाटायचं येत नाही. ती कधी फ्यूज काढायची, कधी रिले, मी आत पडून ऐकायचो. मनात म्हणायचो, काढ बाई."

"मग मला का बोलावत होतात, अक्साकाल?"

"गाडी बंद पडली आणि माणसाने मेकॅनिकला बोलावलं नाही तर लोक काय म्हणतील? बोलवावं लागतं. दर वेळी वाटायचं, आज याला जमणार नाही. आज हा हात टेकेल, आणि मी सुटेन." ते जरा थांबले. "आणि तू दर वेळी दुरुस्त करायचास. मी वाट बघत होतो रे, एकदा तरी तुला जमू नये."

"पण तुम्ही दोन्ही हात धरून माझे आभार मानायचात."

"माणसाने रीत सोडायची का?"

आतून त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, टोपी घातली, सरळ उभे राहिले, बस सुटायच्या आधी ड्रायव्हर उभा राहतो तसे.

"दारात उंबरठा आहे," मी म्हणालो.

"दिसतोय मला," ते म्हणाले, आणि अडखळले.

मग त्यांनी माझा दंड धरला, आणि आत गेल्यावरही सोडला नाही.